टीएसएच ६.९ आणि शुगर काठावर: शिलाईवाल्या एका ताईंची केस

वय ४३. सांगली जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, घरीच शिलाईचं काम, ब्लाऊज, पिको-फॉल, लगीनसराईत रात्री एक-दीड वाजेपर्यंत मशीनवर. दोन मुलं, धाकटा चौदा वर्षांचा. ओळख पटेल असं सगळं बदललंय, इथे नुसतं ताई म्हणूया.

माझ्या दवाखान्यात आल्या तेव्हा हातात फुल बॉडी चेकअपची फाईल होती, ९९९ रुपयांचं पॅकेज, चकचकीत कागद, आणि भाच्याने लाल पेनने दोन आकड्यांना गोल केलेले. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, ६.९. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज, ६.२. लॅबच्या हिशोबाने टीएसएच साधारण साडेचारच्या आत पाहिजे आणि एचबीएवनसी ५.७ च्या खाली. बाकी सत्तरेक आकडे होते, त्यात हिमोग्लोबिन ९.८ हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा कुणाच्या डोळ्यातच आला नव्हता. घरात निकाल आधीच लागला होता, "थायरॉइडमुळेच शुगर वाढलीय, थायरॉइडची गोळी चालू केली की दोन्ही जागेवर येतंय". हा निकाल दिला मोठ्या जाऊबाईंनी, त्या गेली आठ वर्षं थायरॉइडची गोळी घेतात म्हणजे घरातल्या तज्ज्ञ त्याच, आणि निकालावर न थांबता त्यांनी स्वतःच्या बाटलीतल्या ५० च्या गोळ्या काढून दिल्या. ताई तीन आठवडे त्या घेत होत्या, सकाळी चहाबरोबर, वरून कॅल्शियमची गोळी. म्हणजे घ्यायला नको होती ती गोळी आणि घेतली तीपण अशी की निम्मी अंगाला लागली नसणार.

तक्रारी अशा: थकवा, जिना चढला की धाप, केस गळणं, दोन वर्षांत पाचेक किलो वजन वाढलेलं, पाळीला अंगावरून जास्त जाणं. आता ही यादी थायरॉइडचीही आहे, रक्त कमी असल्याचीही आहे, आणि रात्री दीडपर्यंत मशीनवर बसून सकाळी सहाला डबे करायला उठणाऱ्या कुठल्याही बाईचीही आहे. लक्षणांवरून थायरॉइड ओळखायला जाल तर निम्मं गाव थायरॉइडचं निघेल.

आधी त्या ६.९ चा अर्थ नीट लावू. टीएसएच हा मुळात थायरॉइडचा हार्मोनच नाही, तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा. थायरॉइड जरा ढिलाईने काम करायला लागली की वरचा साहेब आवाज चढवतो, तो चढलेला आवाज म्हणजे वाढलेला टीएसएच. खालून काम खरंच कमी पडतंय का ते फ्री टी फोर सांगतो. ताईंचा फ्री टी फोर १.१, म्हणजे अगदी व्यवस्थित. टीएसएच थोडा वर आणि फ्री टी फोर नॉर्मल, याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात, आपल्या भाषेत काठावरचा थायरॉइड. हे काही दुर्मिळ नाही. २०१३ मध्ये देशातल्या आठ शहरांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात मुंबई आणि गोवा दोन्ही होते, ५,३७६ प्रौढ माणसं तपासली, त्यात असा काठावरचा थायरॉइड ८.०२ टक्के लोकांना निघाला. शंभराच्या हळदीकुंकवात सात-आठ बायका सहज असणार, कारण बायकांत प्रमाण पुरुषांपेक्षा जास्तच.

आता मुद्द्याचं, काठावरच्या थायरॉइडने डायबेटिसचा धोका वाढतो का? वाढतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्नायूंमध्ये साखर आत घ्यायला जे दरवाजे लागतात ते तयार व्हायला थायरॉइड हार्मोनची मदत लागते, तो कमी पडला की इन्शुलिन असूनही साखर आत जायला कुरकुर होते, शिवाय रक्तातली चरबी (ट्रायग्लिसराइड) वाढते, वजन थोडं चढतं, माणूस सुस्तावतो आणि हालचाल कमी होते. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात एक मोठा अभ्यास कित्येक वर्षं चालू आहे, त्यातला थायरॉइड आणि डायबेटिसचा निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आला. ८,४५२ माणसं, सरासरी वय ६५ च्या आसपास, जवळपास आठ वर्षं मागोवा, त्यात ७९८ जणांना नव्याने डायबेटिस झाला. टीएसएच एका ठराविक पटीने वाढला, म्हणजे लॉगच्या स्केलवर एक पायरी वर गेला, की धोका साधारण १३ टक्क्यांनी जास्त. आणि ज्यांची शुगर आधीच काठावर होती त्यांच्यात तो जास्तच, पायरीमागे ३२ टक्के. फ्री टी फोर तर नॉर्मलच्या आतच असला तरी खालच्या टोकाला असलेल्या प्रीडायबेटिसवाल्यांत (म्हणजे काठावरच्या शुगरवाल्यांत) डायबेटिस होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत आणि वरच्या टोकाला असलेल्यांत १५ टक्क्यांच्या आसपास.

हा अभ्यास वाचून बरेच जण जाऊबाईंसारखाच निकाल लावतात. पण ही माणसं नुसती बघितलेली आहेत, कुणाला गोळी देऊन डायबेटिस थांबवून दाखवलेला नाही. काठावरच्या थायरॉइडला गोळी दिली म्हणून पुढे डायबेटिस टळला, असं सिद्ध करणारी ट्रायल नाही. त्यात गाडी उलट्या बाजूनेही चालते, पोटावर चरबी वाढली की टीएसएच थोडा वर सरकतो आणि वजन उतरलं की तो आपोआप खाली येतो. म्हणजे एखाद्या बाईत टीएसएच आणि शुगर दोन्ही वाढलेले दिसले तर एकाने दुसऱ्याला वाढवलं असेल, किंवा दोघांना तिसऱ्याच कुणीतरी वाढवलं असेल. ताईंची उंची १५५ सेंटीमीटर, वजन ७१ किलो, कंबर ९१ सेंटीमीटर. तिसरा कोण ते टेपनेच सांगितलं, आणि टेप त्यांच्याच गळ्यातली होती.

कंबरेवरून, चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या संस्थेने आपल्या लोकांसाठी केलेला एक साधा स्कोअर आहे, इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर. त्यात रक्त काढायचंच नाही, चार गोष्टी बघायच्या. वय ३५ ते ४९ ला २० मार्क, बाईची कंबर ९० किंवा वर असली तर २०, व्यायाम नाही आणि बैठं काम तर ३०, आई-वडिलांपैकी एकाला डायबेटिस असला तर १०. ताईंच्या आईला आहे. बेरीज ८०. साठ आणि वर म्हणजे हाय रिस्क. आणि ह्या स्कोअरमध्ये थायरॉइडचं नावसुद्धा नाही! टीएसएच २ असता तरी ताई ८० वरच बसल्या असत्या.

बैठ्या कामाबद्दल एक गंमत कळली. पूर्वी त्या पायाने मशीन चालवायच्या, दिवसभर पाय हलत असायचे, दोन वर्षांपूर्वी मोटर बसवली आणि वजन वाढलं तेही नेमकं त्याच दोन वर्षांत. फक्त मोटरवर खापर फोडता येणार नाही कारण मोटर आल्यावर कामही दुप्पट घेतलं आणि बसणंही, पण मला तरी ही तारीख टीएसएचपेक्षा जास्त बोलकी वाटली.

त्यापुढची गोष्ट तर ह्या सगळ्या केसचा कणाच आहे. "पूर्वी कधी शुगर होती का?" असं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, उत्तर आलं "नाही डॉक्टर, कधीच नाही". हा प्रश्न असा विचारून उपयोग नसतो. दुसऱ्या वेळी विचारलं, "धाकट्याचं जन्माचं वजन किती होतं ओ?" तर कौतुकाने म्हणाल्या, "पावणेचार किलो, सिझर करावं लागलं, नर्स म्हणत होत्या पैलवान झालाय". मग म्हटलं जुनी फाईल असेल तर आणा. माहेरच्या ट्रंकेतनं फाईल निघाली, सातव्या महिन्यात ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर १५८. दिवसात १४० च्या वर गेली की ती गरोदरपणातली शुगर धरतात. खाली पेनने लिहिलेलं, "डाएट, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तपासणी". ती तपासणी चौदा वर्षांत झालीच नाही. ताईंचं म्हणणं, "ती दिवसातली शुगर ना, ती बाळंत झालं की जाते असंच सगळे म्हणाले". जाते हे खरं, पण परत येण्याचा रस्ता बघून जाते. २००९ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज करून छापलं होतं की दिवसात शुगर झालेल्या बाईला पुढे डायबेटिस होण्याचा धोका इतर बायकांच्या निदान सातपट असतो.

म्हणजे एका पारड्यात टीएसएचच्या पायरीमागे १३ किंवा ३२ टक्के, आणि दुसऱ्यात सातपट. दोन्ही आकडे वेगवेगळ्या लोकांतले, वेगळ्या पद्धतीने काढलेले, त्यामुळे काट्यावर ठेवून तोलायचे नाहीत, पण अंदाज येतो की घरात ज्याच्यावर चर्चा चालू होती ते शेपूट होतं आणि हत्ती ट्रंकेत होता.

आता एचबीएवनसी ६.२. इथे एक अडचण आहे आणि तिच्याकडे फार ठिकाणी दुर्लक्ष होतं. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशींना चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते, जितकी म्हातारी तितकी साखर जास्त चिकटलेली. लोह कमी असलं की नवीन पेशी कमी बनतात, रक्तात जुन्याच पेशी जास्त राहतात, आणि शुगर तेवढीच असून एचबीएवनसी फुगून दिसतं. थायरॉइड चांगलाच कमी असला तरी असंच होतं. ताईंचं हिमोग्लोबिन ९.८ होतं म्हणून फेरिटिन करायला सांगितलं, ते आलं ७. म्हणजे लोहाची कोठी पार रिकामी. मग ह्या ६.२ वर किती विश्वास ठेवायचा? भाच्याला हे ऐकून फार बरं वाटलं, "म्हणजे रिपोर्ट खोटा आहे, मावशीला शुगर नाहीच". तेही नाही. अशा वेळी सरळ ग्लुकोज पिऊन तपासणी करायची, कारण त्यात पेशींच्या वयाचा संबंध नाही, त्या क्षणी रक्तात साखर किती तेच मोजलं जातं.

रात्रभर उपाशी, सकाळी पहिलं रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज ग्लासभर पाण्यात, थोडं लिंबू पिळून, पाच मिनिटांत संपवायचं आणि दोन तास एका जागी बसायचं, चालायचं नाही, काही खायचं नाही. ताईंनी पिशवीतून ब्लाऊज काढले आणि दोन तासांत पाच ब्लाऊजची हूक-काजं संपवली. रिपोर्ट: उपाशीपोटी १०२, दोन तासांनी १६८. दोन तासांचा आकडा १४० च्या आत असला तर नॉर्मल, २०० च्या वर डायबेटिस, मधलं सगळं प्रीडायबेटिस. म्हणजे ६.२ थोडं फुगलेलं असेल, पण काठावरची शुगर खरीच. नुसतं उपाशीपोटीचं बघितलं असतं तर "१०२ ना, चालतंय की" म्हणून सोडून दिलं असतं सगळ्यांनी.

जाऊबाईंची गोळी बंद केली. ह्यावर घरात बरीच नाराजी झाली कारण रिपोर्टमध्ये लाल अक्षरात आकडा आहे आणि डॉक्टर गोळी बंद करतायत हे पटायला जडच जातं. टीएसएच १० च्या वर गेला तर गोळीचा विचार होतो, दिवस राहायचे असतील किंवा राहिले असतील तर लवकर होतो, बाकी काठावरच्या प्रौढ माणसाला गोळीने फारसा फरक पडत नाही, असंच आतापर्यंतच्या ट्रायल्स सांगतात. २०१७ ची एक मोठी ट्रायल ६५ च्या वरच्या ७३७ लोकांवर झाली, गोळी आणि साधी खोटी गोळी, थकवा दोन्हीकडे सारखाच. ती वयस्कर लोकांची, ताई ४३ च्या, म्हणून ती जशीच्या तशी लावायची नाही, पण २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने जो सल्ला छापला तो सगळ्याच प्रौढांसाठी होता, काठावरच्या थायरॉइडला सरसकट गोळी देऊ नका असा. दिवस राहायचे असलेल्या, अगदी तरुण, खूप त्रास असलेल्या किंवा टीएसएच २० च्या वर असलेल्या लोकांना त्यातून वगळलं होतं. आणि गोळी निरुपद्रवी नाही, डोस जास्त झाला तर छातीत धडधड, हृदयाचे ठोके बिघडणं, पाळी गेलेल्या बायकांत हाडं ठिसूळ होणं, हे सगळं होतं. काही डॉक्टर ६.९ ला गोळी देतातच, लक्षणं बघून, थोड्या दिवसांसाठी, त्याला मी चूक म्हणणार नाही. पण "शुगर कमी व्हावी म्हणून" द्यायची असेल तर मात्र नाही.

टीएसएच परत करायचा ठरला, तीन महिन्यांनी. एकदाच वाढलेला टीएसएच बऱ्याचदा पुढच्या वेळी आपसूक नॉर्मल निघतो. तो पहाटे जास्त असतो आणि दुपारकडे उतरतो, म्हणून एक रिपोर्ट सकाळी सातचा आणि दुसरा दुपारी चारचा असं करून "गोळीने केवढा फरक पडला" म्हणायचं नाही. अजून एक गोष्ट मध्येच सापडली, ताई केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खात होत्या, ऑनलाइन मागवलेल्या. बायोटिन रक्तात जास्त असलं की बऱ्याच मशीनवर टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणजे ते ६.९ सुद्धा कमी दाखवलेलं असू शकत होतं. पुढच्या तपासणीच्या आधी आठवडाभर ती गोळी बंद. आणि घरात सैंधव मीठ चालू झालं होतं, कुणीतरी बीपीला चांगलं म्हणून सांगितलं, त्यात आयोडीन नावालाच, तर परत साधं आयोडीनचं मीठ आणायला सांगितलं, मोजकंच. कोबी-फ्लॉवर बंद केले होते थायरॉइडला वाईट म्हणून, ते चालू करायला लावले, शिजवून खाल्लेल्या कोबीने काही होत नाही.

खरी कामं दोन होती, लोह आणि ताट.

लोहासाठी गोळी रोज एक, जेवणाआधी, लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा त्याच्या आसपास अजिबात नाही. चहा हाच मोठा प्रश्न. गिऱ्हाईक आलं की चहा, दिवसाला सहा-सात कप, प्रत्येकात दीड चमचा साखर, बरोबर दोन मारी. "मी साखर खातच नाही ओ, गोड आवडतच नाही मला," असं त्या मनापासून म्हणत होत्या, कारण चहातली साखर कुणी साखर म्हणून मोजतच नाही. अंगावरून जाण्यासाठी सोनोग्राफी केली, छोटी गाठ निघाली, त्याची ट्रीटमेंट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वेगळी चालू झाली.

ताटाचं भाषण देऊन उपयोग नसतो म्हणून ग्लुकोमीटर आठवडाभर घरी दिला. मंगळवारचा उपवास असतो त्यांचा, साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर दाण्याचा कूट. खायच्या आधी ९७, एक तासाने १८१. दुसऱ्या एका दिवशी ज्वारीची दीड भाकरी, मटकीची उसळ, काकडी आणि ताक, आधी ९९, एक तासाने १३८. हे आकडे त्यांनी स्वतः खडूने मशीनच्या फळीवर लिहून ठेवले होते. "उपवासालाच जास्त व्हय?" असा फोन आला. त्यानंतर मला साबुदाण्यावर एक शब्दही बोलावा लागला नाही. उपवास सोडा असं मी कधी म्हणत नाही, तो त्यांच्या आणि देवाच्या मधला विषय, पण आता मंगळवारी दाणे, ताक, एखादं फळ आणि राजगिऱ्याची एखादी भाकरी असं चालतं. सकाळी पोह्याच्या जागी मुगाचं धिरडं किंवा अंडं. चहा तीन कप, बिनसाखरेचा. पहिले पंधरा दिवस "चहा नाही, काढा आहे" म्हणाल्या, नंतर सवय झाली. मोटर काढा म्हणून मी सांगितलं नाही, सांगून कुणी काढणारही नाही, त्याऐवजी दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटं देवळापर्यंत चक्कर आणि दर तासाला उठून एकदा जिना.

मेटफॉर्मिन ह्या शुगरच्या गोळीबद्दलही बोललो. दिवसात शुगर झालेल्या, साठीच्या आतल्या बाईला काठावरच्या शुगरसाठी ती द्यायला हरकत नसते. आपल्याकडचाच पुरावा आहे, इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम, ५३१ माणसं, २००६ मध्ये निकाल. काहीच न केलेल्यांत तीन वर्षांत ५५ टक्के लोक डायबेटिसमध्ये गेले, खाणं-चालणं सुधारलेल्यांत ३९.३ टक्के, मेटफॉर्मिनवाल्यांत ४०.५ टक्के, आणि दोन्ही एकत्र केलेल्यांत ३९.५, म्हणजे दोन्ही करून जादा काही मिळालं नाही. हा ५५ चा आकडा मला कायम टोचतो. आपल्या माणसाची काठावरची शुगर काठावर थांबत नाही, भराभर पुढे सरकते. पुण्याच्या केईएममधले डॉ. याज्ञिक हे कित्येक वर्षांपासून सांगत आलेत, आपण हातापायाने बारीक आणि आतून चरबीचे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच असला तरी गोऱ्या माणसापेक्षा चरबी जास्त. ताईंनी सहा महिने गोळीशिवाय करून बघते म्हणून सांगितलं. ठीक आहे, सहा महिने. मेटफॉर्मिन घेतली असती तर अजून एक भानगड झाली असती, तिने काही लोकांत टीएसएच थोडा उतरतो, मग तो कशाने उतरला ते कळलं नसतं.

तीन महिन्यांनी टीएसएच ५.६, फ्री टी फोर १.१ च. ह्या वेळी अँटी टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी पण केली, ती पॉझिटिव्ह. म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉइडला हळूहळू चावतंय, काठावरचा थायरॉइड निव्वळ वजनामुळे नव्हता. इंग्लंडमधल्या व्हिकहॅमच्या वीस वर्षांच्या पाहणीत अशा बायकांपैकी, टीएसएच वाढलेला आणि अँटीबॉडी पण, दरवर्षी ४.३ टक्के बायका पूर्ण हायपोथायरॉइडमध्ये गेल्या. म्हणजे टीएसएच वर्षातून एक-दोनदा बघत राहायचं, आणि १० च्या पुढे गेला तर गोळी चालू, तेव्हा कुरकुर नाही. "मग मला लहान पोरांना होतो तसला डायबेटिस होणार का" असं ताईंनी विचारलं. अशा अँटीबॉडीचा आणि लहानपणी होणाऱ्या टाइप १ डायबेटिसचा जवळचा संबंध आहे, तिथे थायरॉइड बघतातच, पण ताईंची शुगर ही त्या जातीची नाही, ती कंबरेच्या आणि ट्रंकेतल्या फाईलच्या जातीची.

सहा महिन्यांनी: वजन ६७, कंबर ८७, हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन ३४, टीएसएच ४.८, एचबीएवनसी ५.९. घरात पेढे वाटायची तयारी. पण ६.२ चं ५.९ झालं त्यात किती लोहामुळे आणि किती खाण्यामुळे हे वेगळं करता येत नाही, नवीन पेशी आल्या की आकडा तसाही उतरतो. म्हणून परत ग्लुकोज पाजलं. उपाशीपोटी ९६, दोन तासांनी १४६. हाच आकडा खरा, आणि तो अजून नॉर्मलच्या वरच आहे, सहा मार्कांनी. थकवा गेला, जिना चढताना धाप नाही, केसांचं "जरा बरंय" म्हणाल्या. ह्या सहा महिन्यांत थायरॉइडची एकही गोळी न घेता. थकवा थायरॉइडचा नव्हताच बहुतेक, रक्ताचा होता.

आता फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, "दिवसात शुगर होती", म्हणजे पुढच्या कुठल्याही डॉक्टरला जन्माचं वजन विचारायची कसरत करावी लागू नये. वर्षातून एकदा ग्लुकोज पिऊन तपासणी, नुसतं एचबीएवनसी नाही. टीएसएच सहा महिन्यांनी, सकाळचाच, त्याच लॅबमध्ये.

जाऊबाई शेवटच्या वेळी बरोबर आल्या होत्या, माझ्याशी दोन गोष्टी बोलायला. आठ वर्षांपूर्वी त्यांचा टीएसएच ४० च्या वर होता, म्हणजे त्यांची गोळी अगदी योग्य, तीही त्या दर वर्षी न चुकता तपासून घेतात. वय ५१, कंबर ताईंपेक्षा मोठी. शुगर कधी बघितली म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "थायरॉइडचं करते की दरवर्षी, त्यात शुगर येते ना सगळी." येत नाही. उपाशीच आल्या होत्या, तिथेच रक्त दिलं, १३१. दोन दिवसांनी परत केली, १३४. म्हणजे काठावरचीही नाही, डायबेटिसच.